न दिलेला गोल

कागद कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एकाच खुर्चीचं एक केशकर्तनालय होतं. फिरती खुर्ची, मोठा आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी भिंतीला टेकवलेला लाकडी बाक, आणि मागच्या पडद्याआड दोन खोल्यांचा संसार. दुकानाचा मालक धंद्यानं न्हावी, पण त्याला त्या नावानं कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला पंच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी तो पांढरा सदरा घालून, गळ्यात शिट्टी अडकवून हॉकीच्या मैदानावर उभा राहायचा, आणि त्या गावात हॉकीच्या पंचाला जो मान होता तो कारखान्याच्या मोठ्या साहेबालाही नव्हता.

गाव हॉकीवेडं. कारखाना काढणाऱ्या जुन्या मालकांनी कधी काळी काठ्या वाटल्या होत्या. कामगार संध्याकाळी गुत्त्यावर जाण्यापेक्षा मैदानावर गेलेले बरे, एवढाच त्यांचा हिशेब. मालक गेले, त्यांची नावं लोक विसरले, काठ्या राहिल्या. गल्लीत पोरं झाडाची वाकडी फांदी तासून खेळायची. नळावर बायका काल कोणी गोल घालवला त्याचा उद्धार करायच्या. संघ हरला की दुसऱ्या दिवशी यंत्रंसुद्धा कुरकुरतात, असं फोरमन म्हणायचा.

पंच तरुणपणी स्वतः खेळला होता, पण त्याचे पाय जड. संघाला शिकवणारे म्हातारे मास्तर होते, ते एकदा त्याला म्हणाले, "तुझ्या पायांकडे बघून चेंडूलाच कंटाळा येतो रे. पण तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, आणि तू तोंड बघून बोलत नाहीस. हे घे." आणि त्यांनी त्याच्या हातात शिट्टी ठेवली.

मास्तर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "वाकडी काठी आणि गोल वस्तू समोर आली की माणूस टोला मारणारच," ते सांगायचे. "मेंढरं राखणाऱ्यांनी मारला, नदीकाठच्या पोरांनी मारला, बर्फावरसुद्धा मारला. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. शिकवावे लागले ते नियम. कारण काठी हातात आली की माणसाला आधी समोरच्याच्या नडगीवर मारावंसं वाटतं. नियम गेले की हॉकी संपली, उरली नुसती मारामारी."

पंचानं हे मनावर घेतलं. चेंडू काठीच्या सपाट बाजूनंच खेळायचा, उलट्या बाजूनं नाही. गोलरक्षक सोडून कुणाच्या पायाला चेंडू लागता कामा नये. गोलपुढच्या अर्धवर्तुळातून, म्हणजे डीमधून मारलेला गोलच खरा. हे नियम सगळ्यांना पाठ होते, पण आपल्या माणसाच्या विरुद्ध शिट्टी वाजवायची वेळ आली की भल्याभल्यांचं तोंड कोरडं पडायचं. पंचाचं पडत नसे. गिऱ्हाईक असो, शेजारी असो, मैदानावर सगळे सारखे. याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं म्हटलं तरी चालेल. दाढीचा साबण फेसताना तो म्हणायचा, "आपली शिट्टी एकदा वाजली की वाजली."

लग्न होऊन त्याची बायको घरात आली तेव्हा तिच्या बोटाला धरून तिचा धाकटा भाऊही आला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. हिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, हिच्याच कुशीत तो मोठा झाला. तो तिचा भाऊ कमी आणि लेक जास्त. पुढे तिला स्वतःची मुलगी झाली, तरी ताटात पहिला घास वाढायचा तो त्यालाच. पंचानं कधी तक्रार केली नाही. त्यालाही पोरगा आवडायचा. रात्री दुकानातल्या बाकावर झोपायचा, सकाळी उठून न सांगता केस झाडून काढायचा, आणि मग दिवसभर कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. पहिली काठी त्याला पंचानंच तासून दिली. चेंडू शरीराच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, मान कधी वर करायची, हेही पंचानंच दाखवलं. दाखवणाऱ्याचे पाय जड असले तरी शिकणाऱ्याचे नव्हते. पोरगा धावायला लागला की मैदानावरचे लोक बोलणं थांबवायचे. चेंडू जणू काठीला डिंकानं चिकटवलाय. बघता बघता गावानं त्याचं नाव वारा ठेवलं, आणि वाराच राहिलं.

"दाजी, तुम्ही पंच असलात की मला खेळायला भीती वाटते," तो हसत म्हणायचा.

"वाटायलाच पाहिजे," पंच म्हणायचा, आणि मनातून खूश व्हायचा.

वारा ऐन भरात होता त्या वर्षी कारखान्याचा संघ मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर बंदराचा संघ. सामना याच गावात होता, आणि देशाच्या संघासाठी खेळाडू निवडणारे साहेब लोक बघायला येणार होते. वारा आता देशाकडून खेळणार, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी नेमलेल्या दोन पंचांपैकी एक तापानं फणफणला. आयोजकांची धांदल उडाली. कुणीतरी पंचाचं नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, अहो, पण त्याचा सख्खा मेव्हणा खेळतोय. तेव्हा बंदराच्या कप्तानानंच सांगितलं, "मेव्हणा असू दे, नाहीतर मुलगा असू दे. ह्यांची शिट्टी आम्हाला चालेल."

हे शब्द पंचाच्या कानावर आले आणि त्याची छाती भरून आली. परक्यानं दिलेली अशी पावती त्याला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

सकाळी सदऱ्याला इस्त्री करता करता बायको म्हणाली, "नाही म्हणा."

"का?"

"घरचा पोरगा खेळतोय. बरं झालं तरी लोक बोलतील, वाईट झालं तरी बोलतील. तुम्ही नका मध्ये उभे राहू."

"माझ्यावर विश्वास टाकलाय त्यांनी."

"त्यांनी टाकलाय. मला कोण विचारतंय?" तिनं सदरा त्याच्या हातात दिला. "एवढंच सांगते, आज त्याचं सोनं होऊ दे."

वारा दारात उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं ते ऐकलं आणि बहिणीकडे बघून डोळे मिचकावले.

सामना कसा झाला हे त्या गावात अजून सांगतात. मैदानाच्या कडेला मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक कारखान्याच्या छतावर, झाडांवर, भिंतीवर. बंदराच्या पोरांनी सुरुवातीलाच एक गोल केला आणि मग ते गोलपुढे कोट बांधल्यासारखे उभे राहिले. वाऱ्याला दोघं-तिघं चिकटलेले. वेळ सरत आली. लोकांचा आवाज बसला होता, काही जण डोळे मिटून उभे होते.

आणि शेवटच्या मिनिटाला वाऱ्याला मधोमध चेंडू मिळाला. एकाला डावीकडून चकवलं, दुसऱ्याच्या काठीखालून चेंडू काढला, आणि तो डीमध्ये घुसला. समोर बंदराचे दोघं, मागून एक धावत येणारा. काठ्यांचा नुसता खडखडाट झाला. चेंडू उसळून वाऱ्याच्या अंगाजवळ खाली आला, आणि त्या गर्दीतून वाऱ्यानं असा फटका मारला की गोलरक्षक वळेपर्यंत चेंडू जाळ्यात.

पण फटक्याच्या क्षणभर आधी शिट्टी वाजली होती.

हॉकीच्या पंचाची एक खूण असते. चेंडू पायाला लागला हे दाखवायला तो एक पाय किंचित उचलतो आणि वाकून घोट्याजवळ हात लावतो. सगळं गाव आनंदानं वेडं होऊन ओरडत असताना, हवेत टोप्या उडत असताना, पंच एका पायावर वाकून उभा होता. लोकांना कळायला वेळ लागला. कळलं तसं ते ओरडणं विझत गेलं, आणि मग जे पसरलं त्याला शांतता म्हणणंही बरोबर नाही.

खेळाडू पंचाभोवती गोळा झाले. कारखान्याचा कप्तान हातातली काठी आपटून म्हणाला, "कुठं लागला? कधी लागला?" पंचानं बचावाच्या बाजूला चेंडू दिला. वारा मात्र पुढे आला नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्यानं एकदाच पंचाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. थोड्याच वेळात सामना संपला.

बाहेर पडताना लोकांनी वाऱ्याला घेरलं. "अरे, लागला होता का पायाला? तू सांग!"

वारा म्हणाला, "पंचाला विचारा."

एवढंच. हो नाही आणि नाहीही नाही. पण ज्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं. बघा, पोरगा किती मोठ्या मनाचा, घरच्या माणसाचं नाव खराब होऊ नये म्हणून तोंड शिवून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचा निवाडा झाला होता.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "खरंच लागला होता?"

"हो."

"तुम्ही पाहिलंत?"

पंच खोटं बोलणारा माणूस नव्हता. समोर बंदराच्या खेळाडूची पाठ आडवी आली होती. "मला आवाज आला," तो म्हणाला. "लाकडाचा आवाज वेगळा, बुटाचा वेगळा. मी ऐकलं."

"ऐकलंत," ती म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं हा एकच शब्द त्या घरात भिंतीवरच्या ओलीसारखा राहिला. ती भांडली नाही. जेवण वेळेवर वाढलं, कपडे धुतले, दुखलंखुपलं बघितलं. पण बाजारात भाजी महाग झाली असं पंच म्हणाला तर ती विचारायची, "पाहिलंत की ऐकलंत?" आणि भांडं जरा जोरात ठेवायची.

निवडणाऱ्या साहेबांनी बंदराचा एक खेळाडू घेतला. वाऱ्याचं नाव यादीत नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, असं कुणी म्हणालं. पण पुढच्या वर्षी वाऱ्याचा गुडघा गेला, आणि त्या बातमीनंतर कुणी काही म्हणालं नाही. त्या सामन्यानंतर आठवडाभरातच तो पंचाचं घर सोडून कारखान्याच्या चाळीत राहायला गेला होता. ट्रंक उचलताना त्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. पंच दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापत होता; वारा त्याच्या पाठीमागून गेला, आणि आरशात दोघांची नजर एकमेकांना चुकवून निघून गेली.

गिऱ्हाईकही हळूहळू तुटलं. आधी तरुण पोरं गेली, मग कारखान्याचे. "त्याच्या हाताखाली मान कोण देणार? मध्येच शिट्टी वाजवून कान कापायचा," असं म्हणून लोक हसायचे आणि पुढच्या चौकातल्या नव्या दुकानात जायचे. शाळा सुटली की पोरं दुकानासमोर उभी राहायची, एक पाय उचलून घोट्याला हात लावायची आणि पळून जायची. त्यांतल्या निम्म्यांनी तो सामना पाहिलेलाही नव्हता. मैदानावरून बोलावणं येईनासं झालं. मास्तर होते तोवर अधूनमधून येऊन खुर्चीत बसायचे. "मी तुला शिट्टी दिली ती काही चूक केली नाही," असं म्हणायचे. पण त्यांनाही दिसायचं कमी झालं होतं आणि त्या दिवशी ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मग मास्तरही गेले.

सगळ्यात वाईट गोष्ट पंचानं कुणाला सांगितली नाही. त्याची स्वतःची खात्री पातळ होत चालली होती. रिकाम्या दुकानात बसून तो तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायचा. काठ्यांचा खडखडाट, आणि त्यात तो मऊ, दबका ठोका. आला होता ना? की आपल्याच मनात आला? बंदराच्या कप्तानाचे शब्द डोक्यात घोळत होते म्हणून आपण टपून बसलो होतो का? घरच्या माणसाची चूक पकडून दाखवायचीच होती का आपल्याला? कधी ठोका स्पष्ट ऐकू यायचा, कधी काहीच नाही. खरं काय ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. कारण पायाला चेंडू लागला की ज्याचा पाय त्याला कळतंच. आणि तो माणूस चौकात समोरून आला तर रस्ता बदलत होता.

पंचाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती स्वतः मामाला बोलवायला गेली. तो आला, पण पंच पाहुण्यांना सोडायला बाहेर गेल्यावर आला. भाचीला जवळ घेतलं, बहिणीच्या हातचा चहा घेतला आणि पंच परतायच्या आत निघून गेला. त्याच्या तोंडाला तेव्हाच दारूचा वास येत होता. कारखान्यानं संघ बंद केला होता, मैदानावर मालाचे ढीग पडत होते, आणि वारा फाटकावर पहारा करायचा. जुने लोक त्याला दारू पाजायचे आणि त्या गोलाची गोष्ट सांगायला लावायचे. तो गोष्ट फटक्यापर्यंत सांगायचा आणि म्हणायचा, "पुढचं पंचाला विचारा." लोक हसायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि आणखी एक ग्लास भरायचे.

शेवटी त्याचं यकृत गेलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं, पण घर होतं कुठं? बहिणीनं पंचाला विचारलंही नाही. हातगाडीवर घालून घेऊन आली आणि मागच्या खोलीत खिडकीखाली त्याचा बिछाना केला. पंच बाजूला झाला, पाणी तापवून दिलं, गादी उचलायला हात लावला. दोघा पुरुषांत शब्द झाला नाही.

काही दिवसांनी दुपारी बायको औषध आणायला गेली होती. वारा म्हणाला, "दाजी, दाढी खाजते."

इतक्या वर्षांनी त्यानं 'दाजी' म्हटलं होतं. पंच उठला, वाटीत साबण फेसला, वस्तऱ्याला धार लावली. उशी उंच करून त्यानं वाऱ्याची मान हातावर घेतली. गाल आत गेले होते, कातडी सैल पडली होती. एका हातानं ती ताणून धरल्याशिवाय वस्तरा फिरेना. एक गाल झाला. दुसरा झाला. हनुवटीखाली वस्तरा असताना वारा डोळे न उघडता म्हणाला, "लागला होता."

पंचानं वस्तरा उचलून बाजूला धरला.

"डाव्या बुटाला. इथं, अंगठ्याजवळ," वारा म्हणाला. "चांगला लागला. तिथं लागून थांबला म्हणून तर मला मारता आला."

पंचानं वस्तऱ्यावरचा फेस पुसून काढला. मग म्हणाला, "तेव्हा का नाही बोललास?"

"मला वाटलं तुम्ही सोडाल. घरचेच आहात. मग शिट्टी वाजली आणि रागच आला. मी म्हटलं, ऐकू दे आता दाजींना लोकांची बोलणी. दोन दिवसांनी सांगू म्हटलं." त्याला धाप लागली. "दोन दिवसांनी सगळे माझ्या बाजूनं उभे. ते सोडवेना, दाजी. दुसरं होतं काय माझ्याकडे?"

"ताईला सांग," पंच म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "बाकी कुणाला नको. फक्त तिला सांग. ती आत्ता येईल."

वाऱ्यानं मान हलवली. "तिनं सगळं आयुष्य माझी बाजू घेण्यात घालवलं. आता मी तिला काय देऊन जाऊ? खोटारडा भाऊ?"

"आणि मी?"

वाऱ्यानं डोळे उघडले. पिवळ्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला सांगितलं ना," तो म्हणाला. "तुमचं देणं होतं ते तुम्हाला दिलं."

बाहेर कडी वाजली. बायको औषधाची बाटली घेऊन आत आली, भावाचा गुळगुळीत चेहरा बघून दारातच थबकली आणि पदरानं डोळे पुसू लागली. पंच वाटी विसळायला मोरीवर गेला. दोन दिवस त्यानं वाट पाहिली. वारा कधी शुद्धीत असायचा, कधी नसायचा. बहिणीचा हात धरून तो लहानपणीचं काहीबाही बोलला, पण ते एक बोलला नाही. मग गेला.

त्याला पोचवायला सगळं गाव आलं. कारखाना बंद राहिला. पंच मागून चालत होता, त्याच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडून लोक चालत होते.

आठवड्यानं बायको भावाचे कपडे घडी घालत बसली होती. खूप दिवसांनी तिचा आवाज मऊ होता. "शेवटी तुमच्याच हातानं दाढी करून घेतली त्यानं," ती म्हणाली. "मन मोठं होतं हो त्याचं. तुम्हाला माफ करून गेला."

पंचानं इतकी वर्षं सगळं गिळलं होतं. पण हे माफ करणं त्याला गिळवेना. त्याच्या तोंडून निघूनच गेलं. डावा बूट, अंगठा, शब्दन् शब्द.

ती हातातला सदरा तसाच धरून ऐकत राहिली. मग सावकाश म्हणाली, "तो गेल्यावर सांगताय. तो होता तेव्हा नाही. आता तो उठून नाही म्हणायला येणार नाही ना?"

"शपथ घेऊन सांगतो."

"गेलेल्याच्या तोंडात शब्द घालताय. जिवंतपणी त्याचं सगळं घेतलंत, आता नावही घ्यायचंय तुम्हाला." तिनं कपडे पिशवीत भरले आणि त्याच संध्याकाळी ती गावातच दिलेल्या मुलीच्या घरी निघून गेली.

पंच एकटा राहिला. तोपर्यंत त्याला वाटायचं की एकदा खरं कळलं की छातीवरचा दगड उतरेल. खरं कळलं होतं. दगड तिथंच होता, उलट आता तो कुणाला दाखवताही येत नव्हता. सांगणारा गेला होता, आणि ऐकणाऱ्यांत विश्वास ठेवणारा कुणी नव्हता.

महिन्याभरानं मुलगी आली. बाकावर बसली. "बाबा, आई जेवत नाही," ती म्हणाली. "घास घेते आणि ठेवून देते. एकच बोलते, त्यांनी त्याला मेल्यावरही सोडलं नाही. हाडं दिसायला लागलीत तिची."

"तुला काय वाटतं? मी खोटं बोललो?"

मुलगी रडायला लागली. "मला काय वाटतं त्यानं काय होणार आहे, बाबा? ती मरेल."

पंचानं दुकान बंद केलं आणि तो तिच्याबरोबर गेला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. खांदे पोरीसारखे झाले होते. तो खाली जमिनीवर बसला.

"ऐक," तो म्हणाला. "त्यानं तसं काही म्हटलं नव्हतं. मी माझ्या मनचंच सांगितलं."

ती वळली नाही. "आणि त्या दिवशी?"

इथं थांबता आलं असतं. पण अर्ध्यावर थांबलं तर ती उठणार नव्हती, हे त्याला दिसत होतं. "त्या दिवशी चुकलं माझं," तो म्हणाला. "नव्हता लागला. गोल खरा होता."

आयुष्यात त्यानं बोललेलं हे पहिलं मोठं खोटं. ती उठून बसली, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग अशी रडली की शेजारच्या बायका दाराशी आल्या. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चला, घरी जाऊ."

दाराशी आलेल्या बायकांना तिनंच रडत रडत सांगितलं होतं. बातमी गावभर व्हायला किती वेळ लागणार! पंचानं कबूल केलं. पंच म्हणाला, गोल खरा होता. दुकानावर दगड पडतील, असं त्याला वाटलं होतं. झालं भलतंच. तिसऱ्या दिवशी संघाचा जुना कप्तान, आता टक्कल पडलेला, काठी टेकत आला आणि खुर्चीत बसला. "आहेत तेवढे काप," तो म्हणाला, आणि आरशातून पंचाकडे बघत राहिला. "चुकतो हो माणूस. पण कबूल करायला छाती लागते."

"हो," पंच म्हणाला.

मग दुसरे आले. कारखान्यातले निवृत्त झालेले, त्यांची मुलं, नातवंडं. बाकावर जागा पुरेना. जो तो पाठीवर हात ठेवायचा. शाळेची पोरं आता नीट नमस्कार करायची. जुन्या लोकांनी आपसांत ठरवून तो सामना बरोबरीचा मानला, आणि वाऱ्याच्या शेवटच्या फटक्याचं वर्णन पंचाच्या तोंडून ऐकायचा त्यांना नादच लागला. तुम्ही सगळ्यात जवळ होतात, तुम्ही सांगा, असं म्हणायचे. पंच सांगायचा. एकाला डावीकडून, दुसऱ्याच्या काठीखालून, आणि मग थेट काठीवरून जाळ्यात. ज्या माणसांनी खऱ्यासाठी त्याला वाळीत टाकलं होतं, ती खोट्यासाठी त्याला चहा पाजत होती. रात्री कधी कधी बोलून टाकावंसं वाटायचं, पण शेजारी ती शांत झोपलेली असायची, आणि तिची झोप किती वर्षांनी परत आली होती हे त्याला ठाऊक होतं.

ती आता पूर्वीसारखी झाली होती. पूर्वीपेक्षाही चांगली. दुपारी पडदा सारून हाक मारायची, "अहो, या जेवायला, गार होतंय." त्याच्या समोर बसून जेवायची. हे वाढू का, ते वाढू का, असं करायची. भावाच्या लहानपणीच्या गमती सांगून हसायची. आणि मधूनच त्याच्या हातावर हात ठेवून म्हणायची, "जाऊ द्या. तुम्ही म्हणालात ना एकदाचं, माझ्या मनात आता काही नाही."

तो मान हलवायचा. घास घशाखाली उतरायचा नाही. ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून तो वरून पाणी प्यायचा, आणि ती त्याचा पेला पुन्हा भरून ठेवायची.